सरांची तुराटी

उभ्या माणसाला ते काही शिकवत नसत. दारात थांबून कोणी म्हणालं, "सर, एवढं एकच सांगा, मले बस पकडा लागते," तरी उत्तर ठरलेलं असे: "बसा." माणूस बसेपर्यंत ते पुढचा शब्द उच्चारत नसत. बस निघून गेली तरी चालेल, पण शिकणाऱ्याचं बूड टेकलं पाहिजे. उभ्या माणसाचं ध्यान पायात असतं, डोक्यात नसतं, असं त्यांचं मत होतं. पुढे त्यांनी संगणकाचे व्हिडिओ धडे तयार केले, तेव्हाही प्रत्येक धड्याची सुरुवात याच शब्दाने झाली. नमस्कार नाही, स्वतःचं नाव नाही, चॅनेल सबस्क्राइब करण्याची विनंती नाही. पडदा उजळतो आणि एक जाड, सावकाश आवाज म्हणतो, "बसा."

मालेगावात वाशीम रस्त्याला खत-बियाण्याच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. जिना बाहेरून होता आणि जिन्याखाली भाजीवाल्या बसत. पूर्वी त्या खोलीत टंकलेखन शिकवलं जाई. टाइपरायटर गेले, संगणक आले. टेबलं, बाकं आणि सर तेच राहिले. एक भिंत पांढरी रंगवलेली होती. तिच्यावर प्रोजेक्टरने संगणकाचा पडदा मोठा करून दाखवत आणि सर बाजूला उभे राहून तुराटीने एकेक जागा दाखवत. बसण्याचा नियम शिकवणाऱ्याला लागू नव्हता.

तुराटी म्हणजे तुरीचं वाळलेलं खोड. आमच्याकडे ती चुलीत जाते किंवा कुडाला लागते. सरांची तुराटी दरवर्षी हंगाम संपला की आसेगावहून, भावाच्या शेतातून येई. ती ते स्वतः निवडत: हाताइतकी लांब, सरळ, टोकाला बारीक. एका माजी विद्यार्थ्याने त्यांना लाल ठिपका पाडणारा लेझर आणून दिला होता. सरांनी तो एकदा भिंतीवर फिरवून पाहिला आणि परत केला. "याले ना बूड ना शेंडा," ते म्हणाले. "कोण दाखवून राह्यलं थेच समजत नाही."

तुराटीची एक भाषा तयार झाली होती. टोक टेकवलं की 'हे पाय, अठी', म्हणजे हे बघ, इथे. टेबलावर आडवी आपटली की हात माउसवरून काढा. आणि हवेत डावीकडे गोल फिरवली की मागे घ्या, जे केलंत ते रद्द करा. ही तिसरी खूण क्लासबाहेरही पोचली होती. मालेगावच्या बाजारात सरांची जुनी पोरं एकमेकांचं बोलणं खोडायला हवेत बोट डावीकडे फिरवत.

दुसरा नियम माउसचा. माउस शिकणाऱ्याच्या हातात. सर त्याला कधीही हात लावत नसत. एका कार्यालयातले साहेब एकदा घाईने आले होते. त्यांना मेलला फाइल जोडायची होती आणि ती जोडली जात नव्हती. बसा म्हटल्यावर ते नाइलाजाने बसले.

"सर, तुमीच दाबा न पटकन. मले मीटिंग हाये."

"मी दाबलं तर मले येईन," सर म्हणाले. "मले येतेच."

साहेबांनी तीन वेळा चुकीच्या जागी दाबलं, तीन वेळा तुराटी डावीकडे फिरली, चौथ्यांदा फाइल जोडली गेली. मीटिंगला ते उशिरा पोचले असावेत. नंतर त्यांच्या कार्यालयात कोणी घाईने काही विचारलं की ते 'बसा' म्हणतात, असं कानावर आलं.

संगणक शिकवणारा हा माणूस स्वतः बटणांचा साधा फोन वापरत असे. टचचा फोन त्यांनी घेतला नाही. "फोनले दोन बटनं पुरतात. एक उचलाचं, एक ठेवाचं." कोणी फार आग्रह केला तर ते समोरच्याच्या फोनकडे लांबूनच पाहत, जसं दुसऱ्याच्या बैलाकडे पाहावं तसं.

मी त्यांच्याकडे काम शोधत गेलो तो वर्तमानपत्राचं आमचं जिल्हा कार्यालय बंद झाल्यावर. पेपरच्या वेबसाइटसाठी व्हिडिओ कापायचं काम मी शिकलो होतो. ते सांगितल्यावर सरांनी एकच प्रश्न विचारला.

"काय कापा लागते, थे येते. काय नाही कापायचं थे येते काय?"

मी म्हणालो, बातमीत जे लागत नाही ते सगळं कापतात.

"मंग तुमाले शिका लागीन, पत्रकार," ते म्हणाले. "बसा."

व्हिडिओ धड्यांची कल्पना एका फोनमुळे सुरू झाली. प्रतिभा नावाची त्यांची एक विद्यार्थिनी क्लास अर्ध्यावर सोडून, लग्न होऊन धनजला गेली होती. तिथे नोकरीचा एक अर्ज ती ऑनलाइन भरत होती आणि वेबसाइट तिचा फोटो घेत नव्हती. फोटो फार मोठा आहे असं म्हणत होती. तिने सरांना फोन लावला. सरांनी फोन कानाला लावून डोळे मिटले.

"काय दिसून राह्यलं तुह्या समोर?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"फोटो तं दिसनच. फोटोच्या वर काय लिवलं हाये? डाव्या हाताकडून वाचत ये. ... हां. थांब. त्याच्यावर ने. दाबू नोको, नुसतं ने. आता काय उघडलं?"

असं ते बराच वेळ चाललं. ते सगळं काही शब्दांनी सांगत होते, वर-खाली, डावं-उजवं, कोणत्या अक्षराच्या शेजारी. फोटो लहान झाला, अर्ज गेला. त्यांनी फोन ठेवला.

"अर्ध्यातून गेलेल्या अशा किती पोरी असतीन?" त्यांनी मला विचारलं. "कोणाचं लगन झालं, कोणाची बस बंद झाली, कोणी सोयाबीनच्या सोंगणीले गेली थे आलीच नाही. सगळ्याइच्या घरी मी फोनवर किती जाऊ?"

म्हणून धडे. मालिकेचं नाव त्यांनी 'अर्ध्यापासून' ठेवलं. पहिल्या धड्यात संगणक चालू कसा करावा हे नव्हतं. "चालू कराले सगळ्याइले येते," ते म्हणाले. "अडकल्यावर मागं कसं याचं, थे कोणी सांगत नाही." पहिला धडा मागे येण्याचा होता.

त्याच सुमारास त्यांचा घसा बसू लागला. आधी थंडी, मग धूळ अशी कारणं झाली. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे असं सांगितलं. गाठ वाईट नव्हती, पण काढावी लागणार होती. त्यानंतर बरेच दिवस पूर्ण मौन, आणि आवाज परत येईल तो कसा येईल हे सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. वर्ग घेणं मात्र यापुढे विसरा.

हा आवाज सरांनी आसेगावच्या विहारात कमावला होता. वर्षावासात पावसाळाभर विहारात रोज ग्रंथाचं वाचन होतं. लहानपणापासून ते वाचायला बसत. समोरच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना ऐकू जावं, पाठीमागच्या मुलांना समजावं आणि मधल्या बायांना झोप लागू नये, अशा गतीने वाचायचं, हे त्यांना तिथे शिकवलं गेलं. क्लासमध्ये ते तसेच बोलत. त्या आवाजावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

डॉक्टरांकडून परतल्यावर त्यांनी ठरवलं: "आधी आवाज भरून ठेवू. मंग डागदरले गळा देऊ."

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तिच्याआधी सगळे धडे रेकॉर्ड झाले तर त्यांचं शिकवणं राहणार होतं. नाहीतर प्रतिभासारख्या पोरी जिथे अडकल्या होत्या तिथेच राहणार होत्या. एवढा साधा हिशेब होता.

रेकॉर्डिंग सुरू करताच पहिली अडचण आली. सरांना रिकाम्या खोलीत बोलता येईना. पडदा उघडा, रेकॉर्डर चालू, मायक्रोफोन शर्टाला लावलेला, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधडी टांगलेली आणि सर गप्प. मी समोर बसून पाहिलं, तर ते म्हणाले, "तुमाले सांगून काय फायदा? तुमाले येते. तुमच्या डोयात अडलेलं दिसतच नाही." नाटक म्हणून न येण्याचं सोंग करतो म्हटलं, तर त्यांनी तुराटी टेबलावर आपटली. टेबलाशेजारी त्यांनी एक खुर्ची ठेवली. तिच्यात ज्याला खरोखर येत नाही असाच माणूस बसेल, असा तिसरा नियम तयार झाला.

दोन दिवस खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि शोभाताई दारात आल्या. त्या खाली भाजी विकत. गावाजवळच त्यांचा मळा होता. पालक, मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं घरचंच.

"सर, तुमच्या कूलरचं पाणी माह्या मेथीवर पडून राह्यलं. सकाळपासून तीन जुड्या सडल्या."

"बसा," सर म्हणाले.

"बसाले नाही आली मी. कूलर सरकवा."

"सरकवतो. तुमाले कम्प्युटर येते काय?"

"मले कायले येते? मी मेथी इकते."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "मंग बसाच."

मी कूलर सरकवला आणि शोभाताई बसल्या. एवढ्या गारव्यात पाच मिनिटं बसायला हरकत नाही असं त्यांना वाटलं असावं. सरांनी माउस त्यांच्या हाताखाली दिला आणि मला कूलर बंद करून रेकॉर्डर सुरू करायची खूण केली. पहिला धडा तसा झाला.

त्यानंतर रोज दुपारी, बाजार थंडावला की त्या वर येत. जिन्यातूनच ओरडत, "सर, रिकाम्या डोस्क्याची बाई आली!" खाली टोपलीजवळ त्यांची जाऊ बसे. धड्यांमध्ये त्यांचा आवाज सरांच्या आवाजाइतकाच आहे.

"हे कोठी गेलं? आत्ता तं होतं."

"गेलं नाही. झाकल्या गेलं. हे पाय, अठी."

"अठी?"

"तिकडं नाही. अठी. हे."

"मंग असं सरळ सांगा न."

"सरळच सांगून राह्यलो, बाई."

"सरळ सांगता तं मी वाकडी काहून जाऊन राह्यली?"

सर हसत. हसले की घसा धरत. आवाज रोज थोडा जाड होत होता. कधी वाक्याच्या शेवटी तो अडकायचा आणि नुसती हवा यायची. तेव्हा ते पाणी पीत, बोटाने मला थांबू नका म्हणून सांगत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणत. एकदा मी सुचवलं की पडद्याच्या कोपऱ्यात लहान चौकटीत त्यांचा चेहरा दिसावा. हल्ली सगळे तसं करतात. "माह्या तोंडात शिकण्यासारखं काय हाये?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

मी आणखी एक गोष्ट सुचवली होती. एक धडा झाला की तो लगेच पाहावा, काही राहिलं असेल तर कळेल. वर्तमानपत्रात आम्ही पान छपाईला जाण्याआधी एकदा तरी वाचतो. सरांना ते पटलं नाही. "कापल्या कापल्या कोनी मळते काय? आधी सोंगून घ्या. सुडी लावा. मंग मळणी." आधी कापणी, मग ढीग रचणं, शेवटी मळणी: सोयाबीनचं जे वेळापत्रक, तेच धड्यांचं. रोजचं रेकॉर्डिंग मी एका फोल्डरमध्ये टाकत गेलो आणि फोल्डर न उघडता बंद करत गेलो. फोटो लहान करण्याच्या धड्याने मालिका पुरी झाली. तो सरांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले.

मळणीला मी एकटाच बसलो. पहिला धडा उघडला. पडदा दिसत होता, आवाज स्वच्छ होता, गोधडीने आपलं काम केलं होतं. सर म्हणाले, "बसा." मग म्हणाले, "हे पाय, अठी." 'अठी' म्हणजे कुठे ते पडद्यावर दिसत नव्हतं. शोभाताईंच्या हातातल्या माउसचा बाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात भटकत होता. "अठी नाही. हे." बाण खाली गेला. "हे पाय न, हे." बाण थांबला, वर गेला, आणि अचानक एक चौकट उघडली. कशी उघडली ते कळायला मार्ग नव्हता.

रेकॉर्डर पडद्याच्या आत घडतं ते टिपतो. पडद्याच्या काचेवर बाहेरून टेकवलेली तुराटी त्याला दिसत नाही. आयुष्यभराच्या सवयीने सर प्रत्येक धड्यात, प्रत्येक जागा तुराटीने दाखवत गेले होते. फोनवर प्रतिभाला ते शब्दांनी सांगू शकले, कारण तिला दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. इथे तिला सगळं दिसेल असं त्यांनी धरलं होतं. आम्ही तिघेही त्या खोलीत होतो आणि तिघांनाही तुराटी इतकी रोजची झाली होती की ती कुठे उमटत नाही हे कोणाच्या मनात आलं नाही.

मी सगळे धडे पाहिले. सगळे तसेच होते.

शोभाताई वर आल्या तेव्हा मी त्यांना एक धडा दाखवला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "काडीच नाही यात."

"नाही."

"आता पुन्हा कराचं म्हणसान, तं सर..." त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि वाक्य तिथेच सोडलं.

ऑपरेशन झालं होतं. ते नीट झालं, असा निरोप होता. सर घरी आले होते आणि त्यांचं मौन सुरू होतं. आधी हे सांगावं की नाही यावर आम्ही बोललो. शोभाताईंचं म्हणणं, सांगूच नये. ते बोलायचा प्रयत्न करतील आणि टाके तुटतील. मी म्हणालो, न सांगता मला या धड्यांत जागा दाखवणारे बाण घालता येणार नाहीत. सर कुठे दाखवत होते ते मला माहीत नाही. शोभाताईंना काही जागा आठवत होत्या, पण सगळ्या नाही. "मी काडीकडं पायत होती," त्या म्हणाल्या, "काडी कोठी टेकली थे सगळं काय ध्यानात राह्यते, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन सरांच्या घरी गेलो. शोभाताई बरोबर आल्या. सर पलंगावर बसले होते, गळ्याला पांढरा मफलर. शेजारी पाटी आणि पेन्सिल होती. बोलायचं असेल ते त्यावर लिहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरांच्या बायकोने सांगितलं, "त्यायनं काहीच लिवलं नाही. हातानंच भांडतात."

मी धडा सुरू केला. काही सांगितलं नाही. खोलीत सरांचा जुना आवाज भरला. "बसा." सरांनी मान हलवली, जणू दुसरं कोणी बरोबर बोललं. मग "हे पाय, अठी" आलं. बाण भटकू लागला. त्यांनी भुवया वर केल्या. दुसऱ्या "अठी"ला त्यांचा चेहरा बदलला. तिसऱ्या वेळी त्यांनी हाताने थांबवा म्हणून खूण केली. मी थांबवलं.

त्यांच्या तोंडाची हालचाल झाली. शोभाताई पटकन म्हणाल्या, "बोलू नोका सर, तुमाले आपली आण हाये."

त्यांनी तोंड मिटलं. उठले. दाराच्या मागून तुराटी काढली, पलंगावर परत बसले आणि पुन्हा सुरू करा असं खुणावलं. धडा पुन्हा सुरू झाला. आवाज म्हणाला, "हे पाय, अठी," आणि तुराटीचं टोक लॅपटॉपच्या काचेवर एका जागी जाऊन टेकलं. "तिकडं नाही. अठी." टोक तिथेच होतं. "आता हे." टोक सरकलं.

स्वतः केव्हा कुठे दाखवलं होतं ते त्यांना आठवावं लागत नव्हतं. आवाज ऐकला की हात आपोआप जाई. रेकॉर्डिंगमध्ये आवाज होता आणि हात नव्हता. पलंगावर हात होता आणि आवाज नव्हता. मला फक्त दोन्ही जोडायचे होते. मी टाइमलाइनवर त्या क्षणी खूण केली आणि टोकाच्या जागी एक लाल बाण ठेवला.

सरांनी बाण पाहिला आणि तुराटी डावीकडे फिरवली. मागे घ्या.

मी पिवळा ठेवला. तुराटी पुन्हा डावीकडे फिरली. गोल ठेवला. पुन्हा डावीकडे.

"त्याइले काडी पाह्यजे," शोभाताई म्हणाल्या. "बाण नाही."

मग मी तुराटीचा फोटो काढला. घराच्या निळ्या भिंतीवर ती आडवी धरायला लावली, फोटोतली भिंत पुसून टाकली आणि उरलेली तुराटी पडद्यावर योग्य मापात आणली, टोक नेमकं जागेवर. सरांनी ते पाहिलं. पाटी जवळ ओढली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. "बूड हाये. शेंडाबी हाये."

काम रोज दुपारी चालू झालं. पलंगावर सर, खुर्चीवर मी, खाली चटईवर शोभाताई, कधी भाजी निवडत, कधी जुड्या बांधत. एका धड्यात शोभाताईंचा बाण फार वेळ भटकला होता. मी सवयीने तो भाग कापला आणि वाक्यं जोडून घेतली. धडा सुटसुटीत झाला. तुराटी टेबलावर आपटली आणि मग डावीकडे फिरली.

मी कापलेला भाग परत आणला. तो पुन्हा पाहिला. आता बाण भटकतो, आणि पडद्यावर तुराटी आपल्या जागी थांबलेली असते. बाण तिच्याजवळ येतो, चुकतो, परत येतो, सापडतो. पाहणाऱ्याला बाण कुठे चुकला ते दिसतं, आणि तो कुठे जायला हवा तेही दिसतं. तो भाग मी तसाच ठेवला. त्यानंतर भटकणं मी कुठेच कापलं नाही.

धडे बाहेर पडले तेव्हा सरांचं मौन अजून संपलं नव्हतं. एका दुपारी त्यांचा बटणांचा फोन वाजला. सरांनी तो शोभाताईंकडे सरकवला.

"हालो. सर बोलत नाहीत सध्या. मी? मी मेथीवाली. ... हाव, थेच. थे मीच, वाकडी जाणारी." मग त्या काही वेळ ऐकत राहिल्या. फोन ठेवून सरांना म्हणाल्या, "धनजची प्रतिभा. म्हणते, सरांची तुराटी वळखली. म्हणते, तिच्या नणंदेनं फोटो लहान केला, तिनं हात नाही लावला."

सरांनी पाटी घेतली नाही. नुसती तुराटी उचलली आणि पलंगाच्या कडेला हळूच टेकवली. अठी.

आवाज परत आला, पण आधीचा नाही. बारीक, थोडा फाटका, शेवटी विरणारा. घरातल्या घरात पुरेल, भिंतीजवळ उभं राहून वर्ग घ्यायला पुरणार नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच. क्लासमध्ये आता दुसरे शिक्षक येतात. सर रोज जिना चढून येतात, थोडा वेळ मागे उभे राहतात, आणि कोणी उभ्याने प्रश्न विचारला की नव्या शिक्षकांच्या आधी तुराटीने बाकाकडे दाखवतात.

धड्यांखाली लोकांनी लिहिलेलं शोभाताई वाचत. बहुतेकांचं एकच मागणं होतं: आमच्याकडे संगणक नाही, हेच फोनवर करून दाखवा. एकदा क्लासमध्ये मी सरांना ते सांगितलं. ते म्हणाले, "मले फोन येत नाही." मग खुर्चीकडे पाहिलं. "अन् बाईले आता सगळं येते. खुर्चीत कोनाले बसवता?"

शोभाताई फोन वापरत होत्या, सगळे वापरतात तसा. त्यांनी आपला फोन खुर्चीसमोर ठेवला.

"मले येते," त्या म्हणाल्या. "तुमाले येत नाही. बसा."

सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डर सुरू केला होता. फोनच्या पडद्यावर जे होईल ते टिपलं जात होतं. सर बसले. त्यांच्या हातातली तुराटी शोभाताईंनी घेतली.

"आता फोटोचं दुकान उघडा. फोटो ठेवाचं थे."

"कोठी हाये थे?" तो बारीक आवाज म्हणाला.

शोभाताईंनी तुराटी उचलली. फोनपर्यंत नेली आणि मध्येच थांबल्या. ती बाजूला टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीत घेतले.

"खालून दुसरी ओळ," त्या म्हणाल्या. "डाव्या हाताकडून येत या. रंगीत फुलासारखं एक चित्र हाये. त्याच्यावर बोट ठेवा. दाबून धरू नोका, नुसतं टेकवा."

सरांचं बोट पडद्यावर भटकू लागलं. दुसऱ्या ओळीत गेलं, वर आलं, चुकलं, भलत्याच चित्रावर टेकलं, आणि फोनचा कॅमेरा उघडला. समोरचा कॅमेरा होता. पडद्यावर सरांचा चेहरा आला: मफलर, चष्मा, वाकून पाहणारे डोळे.

"हे कोण हाये?" सर म्हणाले.

"तुमीच तं," शोभाताई म्हणाल्या. "आता मागं या. कसं याचं थे तुमीच शिकवलं मले."

सर आपल्या चेहऱ्याकडे पाहत थोडा वेळ बसले. मग बोट खालच्या बाजूला नेलं, मागे जाण्याची खूण शोधली आणि ती सापडली. पडदा पुन्हा मोकळा झाला.

सगळ्या मालिकेत सर फक्त त्या एका ठिकाणी दिसतात. तो भाग कापलेला नाही.